काकांची पेटी आणि तीन मिनिटांत शंभर फेरे

बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरातल्या नाट्यगीतांच्या तबकड्या रेकॉर्ड प्लेअरवर वाजवून संगणकावर उतरवायला घेतल्या. अकरा बाजू ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये भरून झाल्या आणि मोठ्या उत्साहाने काकांना ऐकवल्या. त्यांनी पेटी पुढं ओढली, दोन-तीन पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "काय करालास रे? हे ना पांढरी एक, ना काळी एक."

मी म्हटलं, गायक तंबोरा कुठंही लावेल. "गायकाचं राहू दे. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधे वाजेल होय?"

यावर बोलायला काही उरलं नाही. तरी जुनी पेटी स्वतःच थोडी उतरलेली असू शकते, म्हणून मोजून बघितलं. तबकडीच्या कडेला कागदाचा चिटोरा चिकटवला आणि मोबाईलच्या घड्याळावर फेरे मोजले. या तबकड्यांचा ठरलेला वेग मिनिटाला 33⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. माझ्या शंभर फेऱ्यांना 3 मिनिटं 6 सेकंद लागली. म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून थोडा जास्तच स्वर खाली!

मोटरवरून तबकडी फिरवणारा रबरी बेल्ट काढला तर तो सैल आणि चकचकीत झालेला. खडेबाजारातल्या दुकानात ‘बेल्ट इल्ला’ (कन्नडमध्ये ‘नाही’) ऐकून परत आलो. शेवटी पुण्याहून मागवला. माप देताना एक लक्षात ठेवा: जुना बेल्ट ताणलेला असतो, त्याच्या घेरापेक्षा थोडा लहानच घ्यायचा. मोटरची पुली स्पिरिटने पुसली, मधल्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आता शंभर फेरे 178 सेकंदांत. आधी मागे, आता पुढे!

माझ्या प्लेअरच्या मोटरच्या पाठीत वेग जुळवायचा बारीक स्क्रू आहे, पण तो फिरवत दर वेळी तीन मिनिटं मोजत बसणं म्हणजे शिक्षा. म्हणून रेघांचं स्ट्रोब कार्ड छापलं; तबकडीवर ठेवून फिरवलं की वेग बरोबर असताना दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात. एलईडी दिव्याखाली रेघा नुसत्या पुसट. देवघरातला जुना, तारेचा लाल झिरो बल्ब आणून लावला, तेव्हा दिसायला लागल्या, पण पळतच होत्या. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर रेघा मोजल्या: 216. ते कार्ड अमेरिकेतल्या 60 हर्ट्झ विजेसाठी होतं. आपल्या 50 हर्ट्झला 180 रेघा लागतात. दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्याच वेळात शंभर रेघा पुढं गेल्या की त्या जागच्या जागी उभ्या दिसतात. मागे सरकल्या तर वेग कमी. नवं कार्ड ठेवलं, स्क्रू केसभर फिरवला, रेघा थांबल्या. सुई टेकवूनच बघा हं, मोकळी तबकडी फसवते.

आधीच्या अकरा बाजू वेग बदलण्याच्या सोयीने 3.33 टक्क्यांनी वाढवून बघितल्या. मुळात बेल्ट घसरत होता, त्यामुळे कुठं जमलं, कुठं नाही. नऊ पुन्हा उतरवल्या. उरलेल्या दोन बाजूंच्या तबकड्या शेजाऱ्यांच्या होत्या, परत गेल्या होत्या, म्हणून त्या बाजू तशाच वेग वाढवून दुरुस्त केल्या.

एक तबकडी मात्र अजून डोलते. तिचं भोकच मधोमध नाही, दर फेऱ्याला, म्हणजे 1.8 सेकंदांनी, सूर हलतो. काका म्हणतात, भोक कानसाने मोठं कर. माझा हात अजून झालेला नाही.