तंबोऱ्याचा सूर तुटतो तेव्हा

आत्याच्या बंदिशी रेकॉर्ड करून ठेवायला मी डिसेंबरात सुरुवात केली, तानसेन समारोहाच्या सुमारास. तेव्हा काही अडलं नाही. मे महिन्यात तोच लॅपटॉप, रेकॉर्डिंगचं तेच रीपर सॉफ्टवेअर, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली तीच खोली घेऊन पुन्हा बसलो, आणि तंबोऱ्याचा सूर मध्येच तुटायला लागला. कधी बारीक ‘कट्’, कधी चक्क पोकळी. ढोलकी-कीबोर्डच्या गाण्यात असले खड्डे झाकले जातात. ख्यालात झाकायला काही नसतं; षड्ज क्षणभर गेला की गाणारी थांबते. “तुझा डबा आवाज खातोय रे,” म्हणून आत्याने हेडफोन काढून ठेवला.

ज्याला विचारावं तो नवा लॅपटॉप घ्यायला सांगत होता. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर पाव भागाच्या वर जात नव्हता. मग ओव्हरलोड कसला?

हे समजायला पंगत डोळ्यांसमोर आणावी. वाढपी चार आहेत, पण एका पंक्तीला एकच नेमलेला. त्याने कोशिंबीर वाढल्याशिवाय वरण नाही, वरणाशिवाय तूप नाही. बाकीचे तिघे भिंतीला टेकून उभे असले तरी या पंक्तीतलं पान रिकामं राहू शकतं. सरासरी काढली तर वाढपी निवांतच दिसतील. एका ट्रॅकवर ओळीने लावलेल्या प्लगइन्सचं, म्हणजे आवाजावर इफेक्ट देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं, असंच होतं: आधीच्याचं काम संपल्याशिवाय पुढच्याला काही मिळत नाही, म्हणून ती साखळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. बफर म्हणजे पानात आधीच वाढलेलं अन्न. सेकंदाला ४८००० नमुने या सॅम्पल रेटवर १२८ नमुन्यांचा बफर जेमतेम २.७ मिलिसेकंद पुरतो, १०२४ चा साधारण २१. तेवढ्यात पुढचं वाढप आलं नाही की आवाज तुटला.

रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर उघडला की ‘आरटी सीपीयू’ (आरटी म्हणजे रिअल-टाइम, जागच्या जागी करायचं काम) असा वेगळा आकडा दिसतो. खरं दुखणं तिथे कळतं. आत्याच्या आवाजाच्या ट्रॅकवर इक्वलायझर, कॉम्प्रेसर, बाहेरच्या रिक्षांचा गोंगाट कापणारं नॉइज रिडक्शन आणि वर दालनाची गूंज देणारा मोठा कन्व्होल्युशन रिव्हर्ब होता. नुसतं ऐकताना रीपर इफेक्ट्सचं काम थोडं आधीच उरकून ठेवतं. रेकॉर्डसाठी सज्ज केलेल्या आणि मॉनिटर चालू असलेल्या (म्हणजे गाणारीला तिथल्या तिथे ऐकवल्या जाणाऱ्या) ट्रॅकला ही सवलत नसते, कारण जो सूर अजून गायलाच नाही त्यावर आधी काम कसं करणार? म्हणून रेकॉर्डचं बटण दाबलं की त्रास जास्त, ऐकताना कमी.

तरी एवढ्यावर भागलं नाही. सेटिंगं चाळवण्याआधी एक तपासणी करावी, हे माझं ठाम मत: खराब जागा परत परत वाजवून बघायची. दर वेळी त्याच ठिकाणी ‘कट्’ आला तर तो फाइलमध्येच शिरलाय. जागा बदलत असेल तर फाइल शाबूत आहे, फक्त वाजवताना अडखळतंय. माझ्याकडे दोन्ही प्रकार निघाले. म्हणजे चोर एकाहून जास्त.

मग एकही प्लगइन नसलेला रिकामा प्रोजेक्ट घेतला आणि त्यात फक्त एक तंबोऱ्याची फाइल वाजत ठेवली. अधूनमधून तरीही ‘कट्’. याचा अर्थ या ‘कट्’पुरते प्लगइन्स निर्दोष, गडबड विंडोजच्या पोटात. कोणता ड्रायव्हर किती वेळ घेतो हे दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवलं, तर सर्वांत जास्त वेळ खाणारा ड्रायव्हर वायफायचा निघाला. मधल्या महिन्यांत तो अपडेट होऊन बदलला होता. विंडोजमध्ये ड्रायव्हरची काही तातडीची कामं ऑडिओच्या कामालाही मागे सारून आधी होतात. त्यातलं एखादं लांबलं तर प्रोसेसर कितीही रिकामा असो, बफर कोरडा पडतो. नव्या ड्रायव्हरची वाट न बघता मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय बंद केलं. नुसतं कनेक्शन तोडून माझ्याकडे फरक पडला नव्हता.

रिकामा प्रोजेक्ट शांत झाला. खरा प्रोजेक्ट मात्र अर्ध्या तासाने पुन्हा अडखळायला लागला, आणि नेमकं द्रुत लयीत, ताना ऐन रंगात असताना. इथे डिसेंबर आणि मे यांतला फरक लक्षात आला. ग्वाल्हेरचा मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा-कूलर दोन्ही बंद. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये वापराच्या टक्क्यांखालीच वेगाचा आकडा असतो. तो ३ गिगाहर्ट्‌झच्या वरून १ च्या आसपास उतरलेला दिसला. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की हेच व्हायचं. यावर उपाय अगदी घरगुती: लॅपटॉप शेजारच्या खोलीत कूलरसमोर ठेवला, माइकची लांब केबल दाराखालून आणली आणि चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. शिवाय पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर. रेकॉर्डिंग भल्या पहाटे करायचं, हेही ठरलं. आत्याचा रियाझ तसाही त्याच वेळचा.

राहिला प्रश्न बफरचा. १०२४ वर तुटणं थांबतं, पण आत्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू यायचा आणि ताना घसरायच्या. माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, त्यात आवाज सॉफ्टवेअरकडे न जाता थेट हेडफोनला येतो. पण तो कोरडा. “असं भिंतीशी गाते आहे वाटतं,” म्हणाली. मग कोरडा आवाज इंटरफेसमधून थेट दिला आणि रीपरकडून नुसता रिव्हर्ब पाठवला, मूळ आवाज पूर्ण वगळून. रिव्हर्बला होणारा उशीर खटकत नाही; मोठ्या दालनात पहिली गूंज थोडी मागूनच येते. नॉइज रिडक्शन रेकॉर्डिंगपुरतं काढलं, तंबोरा फ्रीझ करून, म्हणजे इफेक्ट्ससकट आधीच तयार करून ठेवला. आरटीचा आकडा पुन्हा वर गेलाच नाही.

डागाळलेले टेक तेवढे उरले होते. ‘कट्’ दोन फिरतींमधल्या श्वासात पडला होता तिथे कापून जोडलं. तानेच्या मध्यावर होता ते टेक काढून टाकले. त्या ताना पुन्हा तशाच गाऊन दे म्हटल्यावर आत्या म्हणाली, “तशाच कशा येतील? दुसऱ्या येतील.”