तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिंट वॉकरच का?

जुन्या अमेरिकन वेस्टर्न (घोडेस्वार-बंदूकवाल्यांच्या) मालिकांचा विषय निघाला की मी नट क्लिंट वॉकरचं नाव घेतो, आणि समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे क्लिंट ईस्टवुड ना?" नाही, वॉकरच. मग पुढचा प्रश्न ठरलेला: गार्नर, मॅक्वीन, ईस्टवुड असे एकाहून एक नट टीव्हीवर होऊन गेले, तुम्हाला हाच का आवडतो?

पहिलं कारण म्हणजे तो या सगळ्यांच्या आधीचा. तो नायक असलेली 'शायेन' ही तासाभराची मालिका एबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९५५ साली सुरू झाली. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने तीन मालिका आलटून पालटून दाखवायला घेतल्या होत्या. त्यातली हीच टिकली आणि बाकीच्या दोन वर्षभरात बंद पडल्या. जेम्स गार्नर छोट्या पडद्यावर आला तोही 'शायेन'मधल्या एका भूमिकेतून.

वॉकर इलिनॉयचा. शाळा अर्ध्यावर सुटली, नदीवरच्या बोटींवर काम केलं, सतराव्या वर्षी व्यापारी जहाजावर गेला, पुढे लास वेगासच्या एका हॉटेलात सुरक्षारक्षक झाला. उंची साडेसहा फूट. एवढ्या देहाच्या माणसाने नुसतं दारात उभं राहिलं तरी लोक घाबरतील. वॉकर मात्र आवाज खाली आणतो. समोरचा चिडत जातो आणि हा आणखी हळू बोलतो. याला पुष्कळांनी 'ठोकळा' म्हटलं. मला ते मुळीच पटत नाही. मालिकेतला त्याचा शायेन बोडी हा शायेन या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीत वाढलेला गोरा माणूस आहे, दोन्हीकडचं कळणारा आणि कुठेच घर नसलेला. (मालिका त्या जमातींकडे बघते ती शेवटी गोऱ्यांच्याच नजरेने, हेही खरं.) असा माणूस मोजकंच बोलणार.

तो मागे का पडला, याचं उत्तर मला त्याच्या करारात दिसतं. स्टुडिओबाहेर कार्यक्रमांना हजेरी लावून मिळालेल्या पैशांतला अर्धा वाटा स्टुडिओ घ्यायचा. १९५८ मध्ये मालिका लोकप्रियतेच्या भरात असताना वॉकर काम सोडून निघून गेला. स्टुडिओने टाय हार्डिन या नटाला ब्रॉन्को लेन नावाचा नवा नायक म्हणून आणलं आणि 'शायेन' याच नावाखाली भाग चालू ठेवले. म्हणजे मालिका शायेनची, आणि तिच्यात शायेनच नाही! १९५९ मध्ये वॉकर परतला. अटी थोड्या सुधारल्या, पण करार सुटला नाही. सिनेमे मिळाले तेही बहुतेक त्याच घोड्यावरचे. उमेदीची वर्षं अशी एका भूमिकेत गेली. बलाढ्य स्टुडिओसमोर काम थांबवणं सोपं नव्हतं, आणि त्याचं श्रेय त्याला फारसं कुणी देत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच्यात काय होतं ते बघायचं असेल तर 'द डर्टी डझन' (१९६७) बघा. त्यात तो सॅमसन पोझी आहे. कुणीतरी ढकललं म्हणून याने एक ठोसा मारला आणि तो माणूस मेला. मेजरच्या भूमिकेतला ली मार्व्हिन त्याला मुद्दाम डिवचतो, पुन्हा पुन्हा ढकलतो, हातात सुराही देतो. पोझी विनवतो, मला ढकलू नका. त्या विनवणीत समोरच्याची भीती नाही. स्वतःच्या हातांची आहे. सुरा हातात असूनही तो किती वेळ थांबतो, त्याचे डोळे कसे बदलत जातात, ते नीट बघा. जो ठोकळा आहे त्याला हे जमत नाही.

१९७१ मध्ये स्कीइंग करताना काठी थेट हृदयात घुसूनही तो वाचला, आणि २०१८ च्या मे महिन्यात, नव्वदीत गेला. 'शायेन'चे शंभराहून अधिक भाग आहेत. सगळे बघण्याजोगे नाहीत, हे मीही मान्य करतो. सुरुवात पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या भागांपासून करा, कारण नंतरच्या भागांत त्याचा कंटाळा चेहऱ्यावर दिसायला लागतो.