पित्ताच्या औषधाबरोबर मागितलेली गोळी

बार्शीत माझं मेडिकल दुकान आहे, २२ वर्षं झाली. एखादा पुरुष समोरच्या पानपट्टीपाशी उगाच रेंगाळतोय, दुकान रिकामं व्हायची वाट बघतोय, म्हणजे त्याला काय हवंय हे आता न विचारताच कळतं.

आषाढी तोंडावर आली होती. स्टँडमागं महिनाभर ठोकलेला जडीबुटीवाल्याचा तंबू पंढरपूरच्या गर्दीकडे निघून गेला होता. बायका औषधं घेऊन गेल्या तसे तात्या पुढं आले. तात्या म्हणजे जवळच्या गावचे शेतकरी, वय ४८, जुनं गिऱ्हाईक. खरं नाव सांगत नाही. आधी पित्ताचं पातळ औषध मागितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् मालक, ती एक गोळी द्या. ताकदीची."

ती गोळी मी चिठ्ठीशिवाय देत नाही. एरवी एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण बाहेर पावसाळी गार हवा होती आणि तात्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना आत, खोकी ठेवतो तिथं स्टुलावर बसवलं.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्सं होत आली. हळूहळू कमी होत गेलं. आता तर पहाटंसुदिक काय नाय."

हे पहाटेचं महत्त्वाचं असतं. मनात भीती किंवा ताण असेल तर ऐनवेळी घात होतो, पण झोपेतली, पहाटेची ताठरता बहुधा टिकून असते. तीही हळूहळू गेली, तर आधी रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं.

तात्यांनी खिशातून रिकामी पुडी काढली. तंबूतली, एकीला ३०० रुपये. "गुण येतो. पर घेतली की तासाभरात तोंड लाल होतं, नाक चोंदतं, डोकं ठणकतं. काल रात्री शेवटची घेतली."

चेहरा, नाक, डोकं, तिन्ही एकदम. मला लगेच सिल्डेनाफिलची, म्हणजे त्या ताकदीच्या गोळीतल्याच औषधाची शंका आली. गोळ्या कुटून भुकटीत मिसळायच्या आणि जडीबुटी म्हणून विकायच्या, हा धंदा जुना आहे. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी तंबूवर फलक लागतातच.

"आणि पित्त?"

"चढ लागला की छातीवर धोंडा ठेवल्यागत होतं. थांबलो की ढेकर येतो, बरं वाटतं. आज मात्र सकाळधरनं बसल्या जागी हाय."

माझ्या पोटात गोळा आला. लिंगाला रक्त नेणाऱ्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या ३ ते ४. तंबाखू, साखर, रक्तदाब आणि चरबी या सगळ्याच धमन्या आतून खराब करतात, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून पुष्कळांना छातीत दुखायच्या दोन-तीन वर्षं आधी अंथरुणात इशारा मिळालेला असतो. तात्यांना तो मिळाला होता.

दुकानातल्या मशिनवर रक्तदाब १७०/१०० आला. शटर अर्धं ओढलं आणि त्यांना धरून गल्लीतल्या फिजिशियन डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी निघाला. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट या नायट्रेट जातीच्या गोळीकडे हात नेला.

"सर, थांबा. काल रात्री यांनी ताकदीची पुडी घेतलीय. मला त्यात सिल्डेनाफिल वाटतंय."

डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली आणि "व्हय" म्हणाले. गोळी परत डबीत गेली. ही दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकावर एक पडली तर रक्तदाब कोसळून माणूस तिथंच जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास नायट्रेट द्यायचं नसतं, टाडालाफिल हे त्याच जातीचं औषध असेल तर ४८. ॲस्पिरिन चावायला दिली. बोट टोचून साखर पाहिली, २८६ निघाली. मधुमेह आहे हे तात्यांना त्या दिवशी कळलं. १०८ आली आणि ते सोलापूरला गेले. एका धमनीत स्टेंट बसला.

मी दुकानात परत आलो, पण काम सुचेना. दोन वर्षं हाच माणूस माझ्याकडून थकव्यासाठी बी कॉम्प्लेक्स आणि पित्तासाठी बाटल्या नेत होता. मी पैसे घेत होतो. 'तात्या, साखर तपासलीय का?' हे एक वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून असा कुणी आला की मी त्याला आत बसवतो. पंचविशीतली पोरंही येतात. त्यांची पहाट बहुधा ठीक असते, भीतीच जास्त असते. त्यांना गोळीपेक्षा डॉक्टरांशी दहा मिनिटं बोलण्याची गरज असते. चाळिशीपुढच्याला मात्र साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय मी सोडत नाही. काहीजण कुणाचं तरी ऐकून रक्तदाबाची गोळीच बंद करून येतात. काही गोळ्यांनी हा त्रास होतो, हे खरं. पण डॉक्टर ती बदलून देऊ शकतात. आपली आपण बंद करायची नसते.

पंधरा दिवसांनी तात्यांच्या मंडळी चिठ्ठी घेऊन आल्या. दुकानात कुणी नव्हतं. मी औषधं काढत होतो. तात्यांनी तंबाखूची पिशवी ओढ्यात टाकली, रोज सकाळी शिवेपर्यंत चालून येतात, असं सांगत होत्या. मध्येच थांबल्या.

"भाऊ, तिथल्या डॉक्टरांनी आमा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मी दोन वर्सं माजघरात पोरींपाशी निजत होते. मला वाटायचं, ह्यांचं दुसरीकडं कुठंतरी हाय. ह्यांना वाटायचं, मला कळलं तर मी हसंन."

मी काहीच बोललो नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मेटफॉर्मिनचं, साखरेच्या गोळीचं पाकीट उचलून विचारलं, "ही जेवणाआधी का जेवल्यावर?"

"जेवल्यावर, वहिनी. दोन्ही वेळा."