वाडीची पेटी

चतुर्थी तोंडावर आली की कुडाळात माझ्यासारख्या पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्याला जेवायची फुरसत नसते. पावसाळाभर पेटी माळ्यावर पडून असते, दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आणि गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सामान गोळा करताना मंडळाला आठवतं की सा दाबला की शेजारचा रे पण बोलतो. मग सगळेच "उद्या व्हयी".

यंदा त्या गर्दीत एक तात्या मोटारसायकलवर मागे नातवाच्या मांडीवर पेटी घेऊन आले. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, सुरांच्या दोन लायनी, म्हणजे ८४ सूर, आवाज देणाऱ्या पितळेच्या पात्या. सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे, चांगल्या काळातले. झाकणाच्या आत ऑइलपेंटनं वर्गणीदारांची नावं लिहिलेली. वाडीतलं प्रत्येक घर, विधवा बायकांचीसुद्धा नावं. त्यातली पाच-सहा खिळ्यानं खरवडलेली.

मी काही विचारलं नाही. आत बघून आधी चिडलो. आतलं लोकरी कापड, बनात, कसरीनं खाल्लेलं, पट्ट्यांखालच्या झाकणांवरचं चामडं पापडासारखं कडक, स्क्रू गंजून फळीत रुतलेले. वाजत्या पेटीची अशी दशा होत नाही. रोज भाता हलला, वारा फिरला की निम्मे रोग होतच नाहीत. त्यातून पूर्वी कुणा कारागिरानं सुरांवर जाड कानस फिरवलेली. पितळेचा सूर टोकाला खरवडला की चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो, एवढं सोपं आहे, म्हणून कुणीही हात घालतो. पण जास्त गेलेलं पितळ परत येत नाही. हल्लीची पोरं मोबाइलवर काटा बघून सूर लावतात. एकेकटा सूर त्यात बरोबर दिसतो. दोन्ही लायनी एकदम सोडल्या की त्यांच्यातली लहर ऐकू येते, आधी भरभर, मग सावकाश, मग नाहीशी. ती थांबेपर्यंत खरवडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा ऐकायचं, कारण खरवडलेला सूर रात्रीत थोडा हलतो. हे काम कानाचं. आणि त्याचे पैसे मागितले की लोक म्हणतात, नुसतं खरवडलंस तर!

दुसऱ्या दिवशी त्याच वाडीतले एक बुवा आले. डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना, गाणारे, आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत शब्द पोचावा. पेटीकडे बघत उभे राहिले.

"ती आमची पण पेटी. वर्गणी माज्या बापाशीनं दिलली. एक काम कर, दोन लायनी आसत ना? एक काढून माका दी."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, भांडण, कोर्टात तारखा चालू, वाडीचे दोन भाग झालेले. पेटी तात्यांच्या घरात होती म्हणून ती तिथेच कुलपात. बुवांच्या बाजूला गळा आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, तात्यांच्या बाजूला पेटी आणि वरच्या पट्टीत गाणारं कोणी नाही. मी सांगितलं, पेटी आणली त्याच्याच हातात जाईल, धंद्याचा नियम आहे. बुवा गेले नाहीत. बाकावर बसून राहिले. तेवढ्यात तात्या न्यायला आले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "बुवा, एक गजर घ्या, भाता तपासूचो आसा." भजनाच्या पेटीची खरी परीक्षा गजरातच होते, लय चढते, हात भरभर पडतो, भाता कुठे गळत असेल तर तिथेच दम सुटतो. ते खरं आहे. पण भाता मी सकाळीच तपासला होता.

तात्यांनी न विचारता काळी दोन धरली. बुवांचीच पट्टी. एवढ्या वर्षांत ती विसरले नव्हते. बुवांनी पहिली ओळ खालीच म्हटली, दुसऱ्या वेळी वर गेले. तात्यांनी तिथे एक छोटी जागा भरली, बुवा तिची वाट बघतच थांबले होते. बाजूच्या गॅरेजमधली पोरं दारात आली, एकानं पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. गजर संपला तेव्हा बुवांचा सदरा भिजला होता.

मग बुवांनी बिल विचारलं, अर्धे पैसे टेबलावर ठेवले आणि पायरी उतरून गेले. तात्या भाता बंद करत म्हणाले, "ताल अजून सुटता तेचो." बस्स.

चतुर्थीत पेटी दोन्हीकडच्या घरांत फिरली असं नातवानं सांगितलं. भजनाच्या सुरुवातीच्या रूपाच्या अभंगापासून शेवटच्या गजरापर्यंत दोघे एकत्र. काळ्या वाटाण्याची उसळ मात्र वेगवेगळ्या ओट्यांवर खाल्ली. बोलणं नाही, तारखा चालूच. संगीतानं मनं जुळतात असं व्यासपीठावर बोलणाऱ्यांनी माझ्या दुकानात एक दिवस बसावं. दावे असलेली माणसं मी मांडीला मांडी लावून झांज वाजवताना पाहिली आहेत, आणि सकाळी तीच तलाठ्याकडे हजर. तरी भजन एकट्यानं होत नाही. कोरस पाहिजे, टाळ पाहिजे, समोर ऐकणारं कोणीतरी पाहिजे. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, १९७१ पर्यंत ती सैल झाली नाही. शास्त्रीय गाण्यातल्या श्रुती पेटीत बसत नाहीत हे कारण खरंच आहे. पण वाडीतले वीस गळे एका पट्टीवर आणायचे तर दुसरं कुठलं वाद्य देणार होते?

आता अडचण अशी. मागच्या आठवड्यात बुवांच्या मुलाचा फोन आला. मुंबईत नोकरीला आहे, पैसा आहे. बाबांना नवी पेटी घ्यायची आहे, जर्मन सुरांची, उत्तम, दर सांगा. चतुर्थीनंतर माझ्याकडे काम कमी असतं, नवी पेटी म्हणजे दोन महिन्यांचं भाडं सुटतं. त्याला गिऱ्हाईक म्हणून नाही म्हणायचं मला कारणही नाही. दर पाठवतो म्हणालो. अजून पाठवलेला नाही.