ब्रेक चांगला होता

वळवाचे पहिले दोन पाऊस झाले की पुण्यातले गुलमोहर धडाधड फांद्या टाकतात आणि आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर चेनसॉंची, म्हणजे साखळीवाल्या करवतींची, रांग लागते. तक्रारी ठरलेल्या: सुरू होत नाही, चेन उतरते, धूर फार येतो. सहकारनगरच्या एका सोसायटीत छाटणीचं काम घेतलेला ठेकेदार मात्र वेगळंच गाऱ्हाणं घेऊन आला.

"काका, हिचा ब्रेक लागला नाही. पोराचा हात गेला असता. ही बदलून तरी द्या, नाहीतर एका हाताने चालेल अशी हलकी द्या."

मशीन टॉप हँडलचं होतं, म्हणजे मुख्य हँडल मागे नसून इंजिनाच्या वर असलेलं, ३५ सीसीचं, १४ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) लावलेलं. मुलगा अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवर उभा होता. उजव्या हातात मशीन, आणि कापलेली फांदी खाली पार्क केलेल्या गाडीवर पडू नये म्हणून डाव्या हाताने तीच फांदी धरलेली. बारचं टोक मागच्या एका खुंटाला लागलं, मशीन उसळलं, मनगटात फिरलं आणि खाली येताना डाव्या हाताच्या पाठीवर आलं. दोन बोटं उचलणाऱ्या कंडरा तुटल्या, ऑपरेशन झालं. हातात साधे सुती मोजे होते, त्यांचा उपयोग शून्य.

आधी ब्रेक तपासला. मशीन बंद, पुढच्या हँडलसमोरचा गार्ड, म्हणजे ब्रेकचाच दांडा, पुढे ढकलला, हातमोजा घालून चेन ओढून पाहिली. हलली नाही. मग वजनाने आपोआप लागणारा, आमच्या भाषेत 'पडणारा' ब्रेक. इंजिन बंदच ठेवून मशीन वरच्या हँडलला धरलं आणि बारचं टोक साधारण दीड फुटावरून लाकडी ओंडक्यावर पडू दिलं. टक्कन ब्रेक पडला. शेवटी मशीन सुरू करून, दोन्ही हातांनी धरून, क्षणभर पूर्ण थ्रॉटल दिला आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने पुढचा गार्ड ढकलला. चेन जागेवर थांबली. ब्रेक बँड झिजलेला नव्हता, क्लचच्या ड्रमवर तेलही नव्हतं. ब्रेक चांगला होता.

ठेकेदाराला ते पटेना, आणि त्याचं आश्चर्य वाटायला नको. चेनसॉचा ब्रेक दोन वाटांनी पडतो हे मशीन विकणारेही क्वचितच सांगतात. उसळी जोरदार असेल तर गार्डचं स्वतःचं वजन मागे राहतं आणि ब्रेक आपोआप पडतो. उसळी छोटी असेल, किंवा टोक अंगाजवळ असताना लागलं असेल, तर तो पाडायचं काम डाव्या मनगटाचं. मशीन वर उठलं की पुढच्या हँडलवरचा हात गार्डला आपोआप भिडतो. म्हणूनच गार्ड तिथे बसवलेला असतो. इथे तो हात हँडलवर नव्हता, फांदीवर होता. म्हणजे ब्रेक पाडणारं माणसाकडचं यंत्रच जागेवर नव्हतं.

आणि ब्रेक पडला असता तरी? चेन थांबायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. पूर्ण थ्रॉटलला चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. थांबता थांबता वेग सरासरी निम्मा धरला तरी जवळपास एक मीटर चेन पुढे जाते. १४ इंची बारवरच्या चेनची एकूण लांबीच तेवढी. हात बारपासून वीतभर असेल तर थांबण्याआधी सगळे दाते एकदा तरी त्यावरून जाऊ शकतात.

टॉप हँडलमध्ये अडचण अजून वाढते. दोन्ही हँडल जवळजवळ असतात, मधलं अंतर जेमतेम वीतभर. मागे हँडल असलेल्या मोठ्या मशीनमध्ये ते बरंच जास्त असतं, त्यामुळे बार वर उठताना दोन हातांना त्याला दाबून धरायला तरफेचा जोर मिळतो. टॉप हँडलवर दोन हात असतानाही तो जोर कमी, एक हात काढला की उरतच नाही. सगळी उसळी एका मनगटावर. आकार पाहून लोकांना वाटतं की हे एका हातासाठीच बनवलंय. तसं नाही. झाडावर पट्ट्याने बांधलेल्या, शिकलेल्या माणसाला फांद्यांच्या गर्दीत वळवता यावं म्हणून ते आखूड केलंय. तिथेही दोन हातच. हात मोकळे ठेवायचं काम पट्ट्याचं आणि दोरांचं, आणि कापताना दोन वेगळे आधार हवेत, त्यातला खोडाभोवतीचा पट्टा आत स्टीलची तार असलेला. नुसता दोर चेनला लागला की संपला.

शिडी या सगळ्यात कुठे बसते? बसतच नाही. शिडीवर डावा हात कशाला तरी धरणारच, तो माणसाचा स्वभाव आहे.

मग चेनकडे वळलो, कारण एवढ्या छोट्या स्पर्शाला मशीन इतकं का उसळलं हा प्रश्न उरत होता. उसळीची जागा ठरलेली आहे: बारच्या टोकाचा वरचा पाव भाग. पण दात किती खोल चावतो हे त्याच्या पुढच्या छोट्या उंचवट्यावर, म्हणजे रेकरवर ठरतं. या चेनला, ३/८ लो प्रोफाइल या बुटक्या दातांच्या प्रकाराला, रेकर दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा लागतो. मोजायचा गेज लावला तर बऱ्याच ठिकाणी १ मिमीच्या पुढे. "चेन जास्त ओढते" म्हणून कुणीतरी ग्राइंडरने सगळे रेकर उतरवले होते. अशी चेन खरंच भराभर कापते, ओल्या गुलमोहरात तर लोण्यासारखी. पण टोकाला काहीही लागलं की दात पकडून बसतो आणि मशीन फेकतो. डाव्या बाजूचे दाते उजव्यांपेक्षा लांबही होते, त्यामुळे काप वाकडा जातो आणि बार अडकतो. या चेनला ४ मिमीची गोल कानस, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच घाव, तीनेक वेळा धार लावली की एकदा रेकर गेजवर तपासायचा आणि उतरवला तर त्याची पुढची कड पुन्हा गोल करायची. ग्राइंडरचं इथे कामच नाही.

राहिला नव्या मशीनचा प्रश्न. त्याच्या मोबाइलवर बॅटरीचं ४ इंची मिनी चेनसॉ उघडलेलं होतं, दोन-तीन हजारांचं. "हे तर एका हाताचंच आहे ना?"

त्यांचा बार छोटा, उसळीतला जोर कमी, हे खरं. पण स्वस्तातल्या अनेकांना चेन ब्रेकच नसतो, ट्रिगर सोडल्यावर मोटर थांबेल तेवढीच सोय. आणि मूळ अडचण तशीच राहते: रिकामा झालेला हात आपसूक कापायच्या फांदीकडे जातो. जिथे मिनी चेनसॉ चालेल तिथे ३० सेंमी पात्याची वाकडी हातकरवत चालते. मनगटाएवढ्या फांदीला ती फार वेळ घेत नाही, आणि हात थांबला की तीही थांबते. माझं मत विचाराल तर छाटणीतल्या एका हाताच्या बहुतेक कामांचं उत्तर हीच करवत आहे. पण ती शंभर-दोनशे रुपयांची घेऊ नये, दाते आठवड्यात मरतात.

त्याच्या कामाचा मोठा भाग जमिनीवरचा निघाला: पडलेल्या फांद्यांचे तुकडे करून ट्रॉलीत भरायचे. त्याला मागे हँडल असलेलं ३५ ते ४० सीसीचं मशीन, १४ इंची बार पुरेसा. वजन थोडं जास्त, पण जमिनीवर ते वजनच मदत करतं. खालून पोहोचणाऱ्या फांद्यांसाठी काठीवरचं चेनसॉ, विजेच्या तारांपासून दूर. टॉप हँडल फक्त त्याच्या चढणाऱ्या एका माणसाकडे, पट्टा बांधलेला असेल तरच. फांदी गाडीवर पडू नये यासाठी हात नव्हे, दोर: वरच्या फाट्यावरून घेऊन खाली बुंध्याला दोन वेढे, आणि सोडणारा माणूस बाजूला उभा.

चेनसॉ चालवताना घालायच्या संरक्षक पॅंटचा विषय काढला तर तो हसला. चेनसॉची पॅंट नुसती जाड नसते, तिच्या आत लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की ते बाहेर येऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन अडते. 'वर्ग १' ची पॅंट २० मीटर प्रतिसेकंद वेगावर तपासलेली असते. पण नेहमीची पॅंट पुढूनच वाचवते, झाडावर चढणाऱ्याला चहूबाजूंनी थर असलेली घ्यावी लागते. एकदा कापलेली पॅंट शिवून वापरत नाहीत.

झाड तोडायच्या परवानगीसाठी सोसायट्या महापालिकेच्या उद्यान विभागाकडे खेटे घालतात, झाडं जपण्याच्या १९७५ च्या कायद्याची कलमं तोंडपाठ असलेले सेक्रेटरी मी पाहिलेत. करवत कोण आणि कशी धरणार हे विचारणारा अजून भेटायचा आहे.

ठेकेदाराने मागच्या हँडलचं मशीन घेतलं, दोन हातकरवती घेतल्या, पॅंट "पुढच्या महिन्यात" म्हणाला. जुनी चेन मी साखळीतोडीने तोडून भंगारात टाकली, नाहीतर ती दुसऱ्या कुठल्या तरी बारवर चढली असती. नवी घ्यायला रविवार पेठेत जाणार असाल तर बारवर कोरलेले तीन आकडे लिहून न्या: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (इथे बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे त्याच कड्यांची, संख्या. नुसतं "१४ इंची द्या" म्हटलं की दुकानदार जी हाताला लागेल ती देतो.