डोकं न दुखवणारा अंबाडा

दिवसभर बांधलेला अंबाडा संध्याकाळी सोडला की टाळू ठणकते आणि केसांच्या मुळांना बोट लागलं तरी दुखतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "एवढे केस म्हणजे डोकं दुखणारच, कापून टाक." कापायचे असतील तर खुशाल कापा, पण डोकं दुखतं म्हणून कापू नका. कंबरेपर्यंतचे दाट केस सकाळपासून रात्रीपर्यंत वर बांधून आरामात वावरता येतं. सगळा भार मूठभर जागेवर टांगला की दुखतं. तोच भार डोकंभर वाटून दिला की जाणवतही नाही.

केसाला स्वतःला दुखत नाही, पण त्याच्या मुळाभोवती चेतातंतूंचं जाळं असतं. उंच पोनीटेलमध्ये सगळे केस एका रबरात आवळले जातात. त्यात सर्वांत जास्त ताण कानशिलावरच्या आणि मानेवरच्या केसांना बसतो, कारण ते लांबून आणि उगवण्याच्या दिशेच्या उलट ओढून आणलेले असतात. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणात अशा ओढीमुळे होणाऱ्या डोकेदुखीची वेगळी नोंद आहे. ओढ निघाली की ही डोकेदुखी तासाभरात थांबते, आणि हीच तिची खूण. केस सोडल्यावर तासाभरात बरं वाटलं, तर बांधणी सुधारायची. केस मोकळे सोडूनही दुखणं तसंच राहत असेल, मळमळत असेल, उजेड सहन होत नसेल, तर दोष अंबाड्याचा नाही, डॉक्टरांना दाखवा. रोज घट्ट बांधल्याने कानशिलाकडचे केस विरळ होत जातात, हेही लक्षात असू द्या.

दुसरं कारण सहज ध्यानात येत नाही. भरलेली कळशी कमरेवर टेकवली की पेलते, तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. अंबाड्याचंही तसंच आहे. तो डोक्यापासून जितका बाहेर येतो, तितका मुळांना जास्त खाली ओढतो. केसांना पीळ देत देत केलेला घट्ट, उंच, नारळासारखा अंबाडा आरशात टुमदार दिसतो, पण दुपारपर्यंत मान अवघडते. चकलीसारखा सपाट, रुंद आणि डोक्याला चिकटून बसलेला अंबाडा हवा. त्यासाठी आधी वेणी घालून मग ती गुंडाळणं सर्वांत चांगलं. वेणी लवकर सपाट बसते, घसरत नाही, आणि पिनांना धरायला तिच्या पेडांत जागा मिळते.

केस पूर्ण वाळलेले हवेत. ओले केस जड असतात, जास्त ताणले जातात, लवकर तुटतात आणि अंबाड्यात वाळतही नाहीत. नुकतेच धुतलेले किंवा तेलाने चपचपलेले केस निसटतात. ते निसटतात म्हणून आपण आवळतो, आणि आवळलं की दुखतं. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीचे केस बांधायला सर्वांत सोपे.

मुठीत धरलेल्या केसांचा घेर १० सेंटीमीटरपेक्षा जास्त भरत असेल, तर एकाच अंबाड्याचा हट्ट सोडा आणि दोन थरांत बांधा. दोन्ही कानांच्या वरच्या टोकांपासून मागे आडवा भांग पाडून वरचा भाग वेगळा करा. त्याची सैल तीनपेडी वेणी घाला. मुळाशी रबर लावायचं नाही, वेणीच्या पहिल्या २ गुंफणी सैल सोडायच्या आणि रबर फक्त शेपटाला. ही वेणी डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर सपाट गुंडाळून ३-४ यू पिनांनी, म्हणजे आपल्या आकड्यांनी, बसवा. मग खालच्या भागाची वेणी घालून ती पहिल्या अंबाड्याभोवती गुंडाळा, टोक खाली दडपा आणि ४-५ आकडे लावा. आता वरचे केस आपलाच भार धरतात आणि खालच्या वेणीला टेकायला मधला अंबाडा मिळतो. खालचे केस गोळा करताना हनुवटी वर करू नका. मान मागे टाकून बांधलं की मानेवरची कातडी आखडलेली असते, आणि नंतर पोळ्या लाटायला किंवा मोबाइल बघायला मान खाली घातली की तिथले केस खचकन ओढले जातात. नजर समोर, हनुवटी किंचित खाली.

आकडा लावण्यात बहुतेकांचं चुकतं. तो सरळ आत खुपसला की एक तर टाळूला टोचतो, नाहीतर थोड्या वेळात सरकून बाहेर येतो. ७ सेंटीमीटरच्या आसपासचा, टोकं गुळगुळीत असलेला आकडा घ्या. टोकं अंबाड्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला ठेवून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस पकडा, तसाच पुढे नेऊन डोक्यालगतचे थोडे केस पकडा, मग आकडा उलटा फिरवून टाळूला समांतर मध्याकडे सरकवा. फिरवताना हलकासा ताण जाणवला आणि आकडा आत गेल्यावर तो नाहीसा झाला, तर बरोबर बसला. आत गेल्यावरही एकाच जागी आग होत राहिली, तर त्याने मोजकेच केस धरले आहेत. काढा आणि बोटभर बाजूला लावा. "होईल सवय" म्हणून सोडू नका, दुपारी तीच जागा ठणकेल. साध्या काळ्या पिना दाट केसांत तोंड वासतात आणि पकड सोडतात. त्या बारीक बटांसाठी ठीक आहेत, तेव्हाही नागमोडी बाजू टाळूकडे ठेवा.

आकडे नको असतील तर अंबाड्यात खोचायची काडी. तिची लांबी अंबाड्याच्या रुंदीपेक्षा ४-५ सेंटीमीटर जास्त हवी. दाट केसांना बहुधा १५ ते १८ सेंटीमीटरची लागते. पकड तीच: वरून अंबाड्याची कड, मग काडी उलटवून डोक्यालगतचे केस, मग मधून आरपार. दोन दातांची असेल तर अंबाडा फिरत नाही. लाकडी काडी घेतल्यावर जुन्या रेशमी ओढणीवरून फिरवून बघा. धागा अडकला तर केसही अडकतील. ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून थेंबभर खोबरेल चोळा. क्लचर घरात तासाभरासाठी सोयीचा, पण सगळे केस त्याच्या दातांत दाबले जातात आणि खुर्चीला डोकं टेकवलं की तो मागे रुततो.

फारच दाट केस असतील तर अंबाडा विसरून दोन वेण्या डोक्यावरून घ्या. यात भार कवटीवर टेकलेला असतो, टांगलेला नसतो. भांग थेट मानेपर्यंत पाडा. प्रत्येक बाजूची वेणी कानामागून, पण सुरुवातीपासूनच हात वर आणि पुढे धरून घाला. खाली लोंबती वेणी घालून मग ती वर वळवली तर मुळाशी मुरगळते, आणि कानामागचं दुखणं तिथूनच सुरू होतं. चष्मा असेल तर वेणीचं मूळ चष्म्याच्या काडीच्या बोटभर मागे असू द्या. एक वेणी कपाळाच्या केसांच्या रेषेपासून ३ बोटं मागे, दुसरी तिच्या मागे, टोकं एकमेकींखाली, आणि प्रत्येक बाजूला ४ आकडे.

कसंही बांधा, आरशासमोरून हलण्याआधी भुवया वर करा. कानशिलं ओढली जात असतील तर तळवे डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून केस अर्धा सेंटीमीटर अंबाड्याकडे ढकला. मग हनुवटी छातीला लावा, मान दोन्हीकडे वळवा. १० मिनिटांनी पुन्हा तपासा, कारण खरा ताण तेव्हाच कळतो.

लग्नाच्या दिवशी हे सगळं पार्लरच्या हातात जातं. खोप्याखाली स्पंज, गंगावन, वर पाणी शिंपडलेले चार-पाच गजरे. गजरे अंबाड्यातच अडकवायला सांगा, टाळूलगतच्या केसांत नको. पाणी निथळू द्या. आणि तयारीच्या वेळीच टोचतंय असं स्पष्ट बोला. त्या दिवशी तो खोपा आठ-दहा तास उतरणार नाही.

हेल्मेट घालणाऱ्यांनी अंबाडा पोचल्यावर बांधावा. वर अंबाडा असला की हेल्मेट नीट बसत नाही, म्हणजे डोकं वाचवण्याचं कामही नीट करत नाही, आणि आकडे टाळूत दाबले जातात. वाटेत मानेवरून दोन सैल वेण्या पुरतात. मायग्रेनचा झटका चालू असताना तर अनेकींना टाळूला नुसता स्पर्शही सहन होत नाही, तेव्हा खाली एक ढिली वेणी आणि बाकी काही नको.

अंबाडा सोडताना आकडे बाहेरच्या वेढ्यापासून काढा आणि मोजा. राहून गेलेला एक आकडा उशीवर टोचतो. वेणी हाताने खाली उतरवा, एकदम सोडून देऊ नका. मग बोटांच्या पेरांनी २ मिनिटं टाळू चोळा, केस दिवसभर ज्या दिशेला होते त्याच्या उलट दिशेने, आणि कंगवा नंतर.