ट्यूब बदलली की आवाज बदलतो का? मी मोजून बघितलं

गेल्या पावसाळ्यात मी घरी हेडफोन अँप (हेडफोनसाठीचा अँप्लिफायर) बांधला, तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे, ट्यूब, म्हणजे सिग्नल मोठा करणारी, आतली हवा काढलेली काचेची नळी. माझे वडील याला व्हॉल्व म्हणायचे, आमच्याकडे व्हॉल्वचा रेडिओ होता आणि तो तापायला अर्धा मिनिट लागायचा तेवढं मला आठवतं. माझ्या अँपमध्ये पुढे, सिग्नल आधी मोठा करायला, एक १२एयू७ नावाची ट्यूब आहे (युरोपात हिलाच ईसीसी८२ म्हणतात, ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ट्यूब आतून तापवणारी तार, सी म्हणजे ट्रायोड, तीन इलेक्ट्रोडचा साधा व्हॉल्व, दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड) आणि मागे, हेडफोन चालवायला, एक ६०८०. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही. ६०८० मुळात ऑडिओसाठी केलेलीच नव्हती, ती पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज रेग्युलेट करायला वापरायचे, म्हणून करंट भरपूर देते आणि तापतेही तशीच, नुसता हीटरच २.५ अँपिअर खातो.

तर ट्यूब. मागच्या सहा महिन्यांत माझ्याकडे चार १२एयू७ जमा झाल्या. एक जेजे, एक इलेक्ट्रो हार्मोनिक्स, या दोन्ही आजच्या काळातल्या. एक बीईएलची, म्हणजे आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची, बंगलोरला १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व बनायचे त्यातली, जुन्या बाजारात एका मोडक्या अँप्लिफायरमधून काढलेली. आणि चौथी एक जुनी युरोपियन, जी सगळ्यात महाग पडली. तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ती आधी खूप वापरलेली होती आणि पुढे जे लिहिणार आहे तो दोष वयाचा आहे, कंपनीचा नाही.

पहिले दोन महिने मी सगळे करतात तेच केलं, एक काढायची, दुसरी लावायची, दहा मिनिटं तापू द्यायची आणि ऐकायचं. महाग ट्यूबचा आवाज मला खरंच मोठा, पसरलेला वाटायचा, गाणारा माणूस जरा बाजूला सरकून बसलाय आणि खोली मोठी झालीय असं काहीतरी. जेजे जास्त जिवंत वाटायची. बीईएल बिचारी शांत. मी वहीत हे सगळं लिहूनही ठेवलं होतं.

मग एका रविवारी हेडफोनच्या जागी ३३० ओमचा रेझिस्टर लावला, ४०० हर्ट्झचा टोन दिला आणि व्हॉल्यूमला हात न लावता प्रत्येक ट्यूबचं आउटपुट साध्या मल्टिमीटरवर मोजलं. (१ किलोहर्ट्झ नको, स्वस्त मीटर तिथे खोटं बोलतात, ४०० ला बरे असतात.) बीईएल डावीकडे ०.९८ व्होल्ट, उजवीकडे ०.९७. इलेक्ट्रो हार्मोनिक्स १.०२ आणि १.०३. जेजे १.०७ आणि १.०५. आणि महाग ट्यूब डावीकडे १.०९, उजवीकडे ०.९५!

म्हणजे जेजे बीईएलपेक्षा पाऊण डेसिबल मोठी वाजत होती. पाऊण डेसिबल कानाला 'आवाज वाढला' असं कळत नाही, पण 'छान वाटतंय' असं नक्की कळतं, आणि तिथेच सगळी फसगत होते. आणि महाग ट्यूबमध्ये डाव्या-उजव्यात जवळजवळ सव्वा डेसिबलचा फरक. माझ्या सर्किटमध्ये एकाच काचेतला एक ट्रायोड डाव्या कानाचा आणि दुसरा उजव्याचा, त्यामुळे एक अर्धा जास्त झिजला की गायक सरळ डावीकडे सरकतो. मी वहीत ज्याला मोठी खोली लिहिलं होतं ते हे होतं.

यानंतर राहवेना. ट्यूब बदलून तापेपर्यंत आधीचा आवाज कान विसरलेलाच असतो, म्हणून मी हेडफोन लावलेला ठेवून त्याच्याच टोकांवरून प्रत्येक ट्यूबचं रेकॉर्डिंग केलं. वाजवलं काय तर बहिणीचा मिरजेचा तानपुरा, मीच पूर्वी तिच्या घरी रेकॉर्ड केलेला. माझ्या मते ट्यूब तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही, जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागामुळे, एका तारेतून इतके स्वर वर उठतात की हार्मोनिक्समध्ये जरा काही हललं की ऐकू यायला पाहिजे. मग सगळ्या फाइली दोन्ही बाजूंनी सारख्या पातळीवर आणल्या आणि बहिणीला म्हटलं की तू नावं लपवून दोन-दोन वाजव, मी ओळखतो. तिने आधी स्वतःच ऐकल्या आणि म्हणाली, "दादा, तीन तर सारख्याच आहेत रे."

जेजे आणि बीईएलमध्ये मी १६ पैकी ९ बरोबर ओळखल्या, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. महाग ट्यूब मात्र १६ पैकी १४ वेळा ओळखली, पण ती गोडव्यामुळे नाही, तारांचा आवाज विरत जातो तेव्हा मागे येणाऱ्या बारीक खरखरीमुळे.

मग उबदारपणा येतो कुठून? माझ्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अँपचा स्वतःचा अडथळा, १२० ओमच्या आसपास आहे. माझा हेडफोन सेनहायझर एचडी६००, नावाला ३०० ओम, पण १०० हर्ट्झजवळ त्याचा इम्पिडन्स ५०० च्या वर जातो, म्हणून तिथे खालचा आवाज साधारण १ डेसिबल उचलला जातो. तबल्याच्या बायाँचा तो भरदारपणा या हिशेबातला आहे, आणि तो चारही ट्यूबमध्ये तसाच होता. ३२ ओमचा हेडफोन मात्र अशा अँपला लावू नका, बराचसा आवाज अँपमध्येच राहतो.

एवढं करून मला ट्यूब बदलणं सोडायचं नाहीये, फक्त मी आता वेगळ्या गोष्टी बघतो. पेन्सिलच्या रबराने हळूच टिचकी मारायची, हेडफोनमध्ये टण्ण वाजलं तर ती मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारी, पुढच्या जागेला नको. आतला चंदेरी डाग पांढरा पडलेला दिसला तर घ्यायचीच नाही, आत हवा शिरलीय. पिना काळ्या असतील तर आधी स्वच्छ करा, माझी अर्धी खरखर तिथेच गेली. पिना जुळतात म्हणून १२एएक्स७ घुसवू नका, माझ्यासारखी डायरेक्ट कपल्ड जोडणी (मध्ये कपॅसिटर नसलेली) असेल तर मागच्या ६०८० चा बायस, म्हणजे तिच्या कामाचं ठरलेलं व्होल्टेजसुद्धा बिघडतं. आणि हीटरचं व्होल्टेज मोजा, आमच्याकडे रात्री लाइन २४० च्या वर जाते आणि ट्रान्सफॉर्मर २२० चा असेल तर ६.३ चे ६.९ होतात, जुन्या ट्यूब यानेच लवकर मरतात. मोजताना एक हात खिशात, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात.

सध्या सॉकेटमध्ये बीईएल आहे. चौघींत सगळ्यात शांत तीच निघाली, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, आणि तानपुरा थांबला की मागे काहीच ऐकू येत नाही.